साहेबांनी मोजलेल्या तीन नर्सा

पन्नासच्या दशकात, पिंपरीजवळ मुंबई–पुणे रस्त्यावरच्या एका दवाखान्यात भाजलेल्यांच्या खोलीवर मी एकटी नर्स होते. खाटा सहा. भाजलेल्याची पट्टी मिठाच्या पाण्यानं भिजवत बसावं लागतं. घाई केली की पट्टीबरोबर कातडीही येते. शेवटच्या खाटेशी पोचावं, तर पहिल्याची पट्टी पाझरून पुन्हा बदलायला आलेली. म्हणून डॉक्टरांनी दुसरी नर्स मागितली. गरज खरी का, ते पाहायला पुण्याहून खात्याचे साहेब येणार असं ठरलं.

आणि मी काय करावं? पाहुणे येणार म्हणून घर आवरतात तशी खोली आवरली! मोशीच्या गुऱ्हाळात उकळता रस सांडून भाजलेला एक शेतकरी होता. त्याची बायको आणि दुसऱ्या एकाची बहीण, दोघींना म्हटलं, पांढरी साडी नेसा, जरा शोभा येईल.

"पांढरं? माजा धनी जिता हाय न्हवं!" मोशीची बाई कडाडली.

"नेस की," खाटेवरून धनी म्हणाला, "तालीम हुईल."

शेवटी हिरव्या लुगड्यावर पांढरा एप्रन, असा तह झाला.

साहेब आले तेव्हा एक पेज भरवत होती, एक माश्या वारत होती, मी पट्टी सोडवत होते.

"वा, सिस्टर! अशी खोली जिल्ह्यात नाही."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मी पट्टी आणखी हलक्या हातानं सोडवू लागले.

"तिघी आहेत की! आणखी कशाला? उलट एक दापोडीच्या दवाखान्याला द्या. ही चपळ दिसते." बोट मोशीच्या बाईकडे.

"दापोडीला? आन् ह्यांला पेज कोन पाजंल?"

"बघा, पेशंटवर किती माया!" साहेब गहिवरले.

ते गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "खरं कळवू का?" मी हात जोडले, नोकरी गेली असती. मग हुकूम आला. खरी नर्स एकच, तेव्हा दापोडीला मीच गेले. तिथं दुपारभर खोकल्याच्या बाटल्या पुसत बसायचे. इकडे डॉक्टर एकटे पट्ट्या करून थकले आणि शेवटी त्यांनी साहेबांना खरं सांगून मला परत आणलं.

शेतकऱ्याची पट्टी वाळून चिकटली होती. मी भिजवायला बसले. या वेळी त्यानं थट्टा केली नाही, नुसते दात आवळले.

"बाई, सायबाला तवाच का न्हाई बोललात?" त्याच्या बायकोनं विचारलं.

"घाबरले हो," मी म्हटलं. पुढंही सगळ्यांना हेच सांगत आले. पण भीती नंतरची. त्या क्षणी मला ते 'वा, सिस्टर' आणखी एकदा ऐकायचं होतं.