दिसना तो वाचना

"दिसना तो वाचना," असं म्हणत मिस्त्री समोरच्याच्या पाठीवर चमकत्या पट्टीचा तुकडा थापायचे. अहिराणीत याचा अर्थ, जो दिसला तो वाचला. मी लातूरकडचा; मला आधी 'दिसेना तो वाचेना' असं ऐकू आलं. "एकच शे ना भो!" ते हसले.

गोडादऱ्यात, कापडाच्या कारखान्यांच्या वस्तीत, आमच्याच गल्लीत राहायचे, लूमचे मिस्त्री. सायकली, दूधवाल्याचे कॅन, एका काळ्या कुत्र्याचा पट्टा. अंधारात गाडीचा उजेड पडला की त्यांच्या पट्ट्या जागोजाग पेटायच्या. असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल.

एका मित्रासोबत मोटारसायकलवर नेपाळला जायचं ठरलं, तेव्हा सगळं सामान ओट्यावर मांडून बसले. हेल्मेट, मलमपट्टीचा डबा, पंक्चरचं सामान, शिट्टी, जॅकेट. वहिनी दारातून म्हणाल्या, "माले बी एक पट्टी लावा. घरमा मी तुमले कोठे दिसस?" अख्खा ओटा हसला.

जॅकेट त्यांनी माझ्याकडे दिलं. मी साड्यांना बॉर्डर लावतो. पाठीवर त्यांची रुंद पट्टी शिवली आणि सवयीने वरून कडक इस्त्री फिरवली. पट्टी काळवंडली. नवी आणायचा कंटाळा केला. तेवढ्याच रुंदीची साडीची रुपेरी बॉर्डर लावून टाकली. दिवसा ती खरीपेक्षा जास्त चमकत होती.

"बॅटरी मारीसन देखी ना?" त्यांनी विचारलं.

"बघितली," मी म्हणालो.

नेपाळच्या घाटात, धुक्याच्या संध्याकाळी, ते तेच जॅकेट घालून, रस्त्याकडे पाठ करून चाकाशी वाकून बसले होते. मागून ट्रक आला. सोबत गेलेला सांगत होता, ड्रायव्हर रडत एकच म्हणत होता, "दिखा ही नहीं." खरी पट्टी असती तर दिसले असते का, मला माहीत नाही. हे माहीत नसणंच माझ्या मानगुटीवर बसलंय.

पट्टीचं कुणालाच सांगितलं नाही. पुढे वहिनी मोपेडवर कामरेजला कामाला जाऊ लागल्या. थंडीत, नेपाळहून परत आलेलं तेच जॅकेट घेऊन आल्या. "बाह्या आखूड करी द्या, भाऊ. पहाटे निघनं पडस. पट्टी देखा, आजून कशी चमकस!"

तेव्हा तोंड उघडलं. सगळं सांगितलं, इस्त्रीसकट.

त्यांनी मशीनखालच्या अंधारात जॅकेट धरून फोनची बॅटरी मारली. पट्टी राखाडीच राहिली.

"त्यासले माहीत व्हतं?"

"नाही. त्यांनी विचारलं होतं."

जॅकेट टेबलावर ठेवून त्या गेल्या. मी खरी पट्टी लावून, बॅटरी मारून बघून, ते त्यांच्या घरी घेऊन गेलो. "राहू द्या, भाऊ," एवढंच म्हणाल्या. दार लावलं नाही, पण हातही पुढे केला नाही.

जॅकेट माझ्या खुंटीला आहे. पहाटे मोपेडचा आवाज आला की मी दारात येतो. वहिनींच्या अंगात काळा स्वेटर. वळण यायच्या आधीच त्या दिसेनाशा होतात.