प्रश्न बाहेर, उत्तर आत

नाताळच्या आदल्या दिवशी बायकोने विचारलं, "यंदाही जाणार?"

"जाणार. पण यंदा शेवटचं."

तिने गुडघ्याचा पट्टा तेवढा पिशवीत टाकला. हे वाक्य तिने माझ्याकडून आधीही ऐकलेलं आहे.

मी धुळ्यात राहतो. पायदळाच्या सिग्नल प्लाटूनमधून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो. दर नाताळला भडगाव तालुक्यात, गिरणेच्या काठच्या एका गावी जातो. तिथे नाना असतात. नाना म्हणजे आमच्या लान्सनायक भिकनचे वडील. त्यांना द्यायला माझ्याकडे एक उत्तर आहे. टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेतल्या एका प्रश्नाचं, चार पर्यायांपैकी एक. दरवर्षी ते घेऊन जातो आणि दरवर्षी परत आणतो, कारण नाना ऐकून घेत नाहीत. पाठीवर वजन घेऊन डोंगर चढलो तेव्हा कधी कुरकुर केली नाही. या एका शब्दाने मात्र मला दमवलं. यंदा ठरवलं होतं, नाना ऐकोत न ऐकोत, सांगून टाकायचं आणि मोकळं व्हायचं.

आमची पोस्ट उत्तरेला बर्फात होती. गावाकडच्या लोकांना वाटतं, तिथे जवान दिवसभर गोळ्या झाडतात. आम्ही दिवसभर फावडं मारायचो. रात्रीत पडलेला बर्फ सकाळी काढायचा, तोच स्टोव्हवर वितळवून प्यायचा, शस्त्र साफ करायचं, पहाऱ्याची संत्री ड्यूटी करायची, की पुन्हा फावडं. दुपारी वायरलेस सेटच्या बॅटऱ्या चार्ज करायला जनरेटर चालू व्हायचा. तेवढ्या वेळात टीव्ही लागायचा, आणि त्या वेळेला आदल्या रात्रीची प्रश्नमंजूषा पुन्हा दाखवत. दहावी नापास जवानसुद्धा तेवढा वेळ प्राध्यापक व्हायचा.

त्यात भिकन पुढे. तो माझ्याच भागातला, अहिराणी बोलणारा, म्हणून मला भाऊ म्हणायचा. वडिलांनी त्याला लहानपणापासून टीव्हीसमोर बसवून सामान्यज्ञान पाजलं होतं. तो सांगायचा, "स्पर्धक चुकला की नाना टीव्हीला शिव्या देतात. मी चुकलो की मला."

जो पेट्रोलवर, म्हणजे गस्तीवर, बाहेर असेल त्याचा कार्यक्रम हुकायचा. म्हणून ऑल ओके रिपोर्ट घेताना मी त्याला वायरलेसवर एक प्रश्न द्यायचो, पर्यायांसकट. उत्तर मात्र वायरलेसवर द्यायचं नाही. त्याने परत यायचं, बंकरमध्ये शिरायचं, चहाचा मग दोन्ही हातांत धरायचा, मग उत्तर. प्रश्न बाहेर, उत्तर आत. हा नियम आम्ही केलेला नव्हता. आधीच्या युनिटकडून पोस्ट ताब्यात घेतली तेव्हा स्टोव्ह आणि फावड्यांबरोबर तोही मिळाला. ज्याचं उत्तर राहिलंय तो ते घ्यायला परत येतोच, असं ते म्हणाले. आम्ही हसलो. फौजी माणूस असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही, फक्त त्या मोडत नाही.

दुसरा नियम सगळ्या फौजेत आहे. ज्याचा सण, त्याला त्या दिवशी शक्यतो बाहेर पाठवायचं नाही. दिवाळीला भिकनचं पेट्रोल फर्नांडिसने केलं होतं. फर्नांडिस गोव्याचा, पोस्टवर ख्रिश्चन तो एकटाच. म्हणून नाताळला त्याच्या जागी भिकन निघाला. फर्नांडिस बिस्किटांचा चुरा आणि डब्यातलं दूध घेऊन प्रेशर कुकरमध्ये केक करायला बसला.

पाच जण शेजारच्या पोस्टपर्यंत जाऊन यायचे होते. हवा साफ होती. जाणं ठीक झालं. परतीच्या वाटेवर मी रिपोर्ट घेतला. सेट भिकनच्या पाठीवर होता.

"ऑल ओके, ओव्हर."

"नाताळ स्पेशल आहे. प्रश्न घे. ख्रिसमस बेट कोणत्या देशाच्या ताब्यात आहे? ए, इंडोनेशिया. बी, ऑस्ट्रेलिया. सी, न्यूझीलंड. डी, इंग्लंड. ओव्हर."

"असं बेट शे?"

"शे म्हणून तर विचारी राह्यनात. ओव्हर."

"चालता चालता विचार करस. केक ठेवा. आउट."

चहाचं पाणी ठेवायच्या सुमारास वरच्या अंगाने आवाज आला. खडीचा डंपर रिकामा होतो तसा. बर्फाचा कडा सुटला होता. आवाज थांबला तेव्हा सगळे उभे होते. पोस्ट कमांडर कॅप्टनसाहेब एवढंच म्हणाले, "पेट्रोल से बात करो."

मी बोलावलं. उत्तर नाही. पुन्हा बोलावलं. मग भिकनचा आवाज आला, अहिराणीत. वायरलेसवर घरची बोली थट्टेपुरती चालते, कामाच्या बोलण्यात नाही. मीही त्याच बोलीत बोललो. कॅप्टनसाहेबांनी अडवलं नाही.

"भाऊ, मी खाले पडेल शे. नालामा."

"बाकीना?"

"वर शेतस. त्यासना आवाज येस. त्यासले मी दिखत नई."

"पाय?"

"एक दिखस. दुसरा बरफमा शे."

"आजूबाजूले काय शे?"

"मोठा खडक. तेनावर लाल झेंडी."

वाट दाखवायला आम्हीच रोवलेली ती झेंडी. कॅप्टनसाहेब माणसं घेऊन निघाले. सगळ्यांत पुढे फर्नांडिस, हाताला केकचं पीठ तसंच. मी एका सेटवर त्यांना दिशा देत होतो आणि दुसऱ्यावर भिकनला बोलतं ठेवत होतो. बर्फात जखमी माणसाला झोपू द्यायचं नसतं. झोपला की संपलं. मी त्याला नानांबद्दल विचारलं. गिरणेला पाणी असेल का विचारलं. त्याची उत्तरं लहान होत गेली.

"भाऊ, उत्तर सांगी द्या ना."

"बंकरमा ये. मंग सांगस."

"आतेच सांगा. झोप यी राह्यनी."

"पहिले तुन्हं उत्तर दे."

बराच वेळ नुसती खरखर. मला वाटलं गेला. मग म्हणाला, "इंडोनेशिया."

"पक्कं?"

"पक्कं. जवळ तेच शे. बरोबर शे का?"

"चाय ठेयेल शे. हातमा कप लिसन इचार."

"रॉजर."

त्यानंतर तो बोलला नाही. मी बोलत राहिलो. संध्याकाळी पलीकडून फर्नांडिसने सेट उचलला आणि म्हणाला, "मिल गया." पुढे काही म्हणाला नाही, तेव्हा मी समजलो. बाकीचे चौघे चालत आले. भिकनला उचलून आणलं. फर्नांडिसने त्याच्या मगात चहा ओतला आणि त्याच्याजवळ ठेवला.  मी उत्तर सांगितलं नाही. 

लोक विचारतात, तेव्हा वायरलेसवरच सांगून टाकायला काय हरकत होती? हरकत होती. उत्तराची वाट पाहणारा माणूस जागा राहतो. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करीन. पण त्याच्या वाटणीचं उत्तर माझ्यापाशी राहून गेलं, आणि ते मला जड होतं.

त्याच्या भागातला म्हणून पार्थिवाबरोबर मला पाठवलं. बारावं झाल्यावर मी नानांना सगळं सांगितलं. प्रश्न सांगितला, पर्याय सांगितले, नियम सांगितला. उत्तर सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला.

"थांब. तुम्हना नियम शे ना? तो घरमा इसन, हातमा कप लिसन ऐकी. तवपर्यंत तुन्हाजोडे ठेव."

पोरगा घरी येऊन ऐकेल म्हणत होते. दुःखातला माणूस, मी वाद घातला नाही. पुढच्या नाताळला तेच. त्याच्या पुढच्या नाताळलाही तेच. आता तर उत्तर मोबाइलवर क्षणात सापडतं. नानांनी कोणाला शोधू दिलं नाही. घरात तो प्रश्न काढायची सोय नव्हती.

यंदा पारोळ्याला बस बदलली. उभं राहून गुडघा भरून आला होता. फर्नांडिसचा फोन आला, दर नाताळला येतो तसा.

"बोल दिया?"

"नहीं. आज बोलूंगा."

"हर साल यही बोलते हो," तो म्हणाला.

नाना ओसरीवर नव्हते. आत टीव्हीसमोर होते, आवाज मोठा. प्रश्नमंजूषेचा नाताळ विशेष भाग चालू होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पडदा त्यांना दिसत नव्हता.

"उना का सुभेदार? बठ."

एक स्पर्धक सोप्या प्रश्नावर चुकला. एरवी नाना म्हणाले असते, "अरे येडा, इतलं बी येत नई तुले?" मी वाट पाहिली. ते गप्प बसून राहिले. मला त्या गप्प बसण्याची भीती वाटली. हा माणूस आता फार दिवसांचा नाही, हे मला तेव्हा कळलं.

भिंत धरत ते चुलीकडे गेले. मी उठलो तर म्हणाले, "बठ म्हनं ना." चहा त्यांनीच केला. माझ्यासाठी एक कप आणला, आणि एक मग. भिकनचा मग, त्याच्या सामानातून मीच आणून दिलेला. तो भरून त्यांनी स्वतःपुढे ठेवला, खाली बसले आणि मगाभोवती दोन्ही हात धरले.

"सांग आते."

इतकी वर्षं वाट पाहिली होती, आणि आता मीच आडकाठी काढली. "नाना, नियम..."

"नियम माले माहीत शे. तो काई आते येत नई. मालेच जानं शे तेनाजोडे. भेटना का पहिले हाईच इचारी. नाना, काय व्हतं उत्तर? मंग मी काय सांगू?"

टीव्ही चालूच होता. मी उठून बंद केला.

"तेनी काय सांगेल व्हतं?" नानांनी विचारलं. हे त्यांनी आजवर कधी विचारलं नव्हतं.

"इंडोनेशिया."

"आणि बरोबर?"

"ऑस्ट्रेलिया."

नाना मगाकडे बघत राहिले. चुकलेल्याला नानांकडे माफी नसते, हे भिकनने मला शंभरदा सांगितलं होतं. मी मान खाली घातली.

"ऑस्ट्रेलिया," ते म्हणाले. पाठ करावं तसं पुन्हा एकदा म्हणाले, "ऑस्ट्रेलिया." मग मगातला चहा त्यांनी घोट घोट करून संपवला आणि तोंड पुसलं.

"माले बी इतला वरीस इंडोनेशियाच वाटे."

निघताना त्यांनी नेहमीसारखं पुढच्या वर्षी ये म्हटलं नाही. मीच म्हटलं, येतो. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. मी फर्नांडिसला फोन लावला.

"बोल दिया."

"फिर? क्या बोले?"

"बाप बेटा दोनों का जवाब गलत."

फर्नांडिस मोठ्याने हसला. मग त्याचं हसणं थांबलं. फोन चालू होता.  पारोळा येईपर्यंत आम्ही दोघं तसेच फोन कानाला लावून बसलो.