चौतिसावे अक्षर

त्या दिवशी सकाळी भोपाळच्या साकेत नगरमधील एक निवृत्त शिक्षक घरातून निघून गेले. मी तेव्हा ठाण्याचा प्रभारी होतो.

त्यांची मुलगी ठाण्यात आली ती औषधाचा डबा घेऊनच. "बाबा इन्सुलिन घरीच ठेवून गेलेत, सर." रोजनामच्यात नोंद केली आणि दोन शिपाई हबीबगंज स्टेशनच्या रुळांकडे पाठवले. का पाठवले, ते तिने विचारले नाही.

घरात एक वही सापडली. पानोपानी फुटबॉलचे सामने, आणि कोणता गोल कितव्या मिनिटाला झाला याची नोंद. माझे हवालदार भोपाळचेच. म्हणाले, "साहब, मास्टरजी तो सटोरिये निकले!"

"जरा धीरे," मी म्हणालो. मुलगी दारातच होती.

तिला बसवून विचारले. ती म्हणाली, "दादा फुटबॉल खेळायचा. मागच्या वर्षी अपघातात गेला. बाबा म्हणतात, तो गोलांमधून बोलतो. क म्हणजे एक, ख म्हणजे दोन. काना-मात्रा आपण लावायची."

शेवटच्या पानावर आदल्या दिवशीचा सामना होता. दोन गोल : तिसावे मिनिट, चौतिसावे मिनिट. हवालदारांनी बोटांवर मोजले. "श... क्ष. शक्ष? कुछ नहीं बनता, साहब."

मीही शाळेत हिंदीच शिकलेलो. त्या 'शक्ष'मध्ये तासभर गेला. मग आईने घरी पाटीवर गिरवून घेतलेली मुळाक्षरे आठवली. मराठीत ह नंतर क्ष येत नाही, ळ येतो.

"दादाची शाळा कुठली?" मी विचारले.

"टी. टी. नगरची."

सुट्टीमुळे शाळा बंद होती. मास्तर गच्चीच्या कठड्यावर, पाय बाहेर सोडून बसले होते. मी चार हातांवर थांबलो.

"त्यानं शाळेत बोलावलं, मी आलो," ते म्हणाले. "पुढं काय करायचं, ते सांगितलं नाही."

"मग सांगेपर्यंत घरी थांबा, सर. इथं टीव्ही नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि हळूच एक पाय आत घेतला.

त्यांचे गणित खोटे आहे, हे पटवायला गेलो असतो तर त्यांना गमावले असते. हे त्या दिवशी शिकलो, असे मी बरीच वर्षे सांगत आलो.

गेल्या वर्षी माझी पत्नी गेली. तिच्या नावात ळ होता. आता मी सामना लावतो आणि चौतिसावे मिनिट संपेपर्यंत उठत नाही.