जवळ्यातलं स्टिअरिंग

मे संपत आला होता. आभाळ नुसतंच भरून यायचं, वारा पडलेला, आणि सकाळी सातलाच अंगाला चिकचिक. अशा हवेत सुकी मासळी वाळवणाऱ्याचा जीव थाऱ्यावर नसतो. करंजाडे गावात काळूराम कोळी गच्चीवर ताडपत्री अंथरून जवळा हाताने पांगवत होता. जवळा म्हणजे नखाएवढी कोलंबी. पावसाळ्यात होड्या बंद, म्हणून या दिवसांत घरोघर डबे भरून ठेवतात. विकायचं काम बायकोचं, विनिताचं. वाळवायचं याचं. एरवी तो बंदरावर कंटेनर बांधायच्या कामाला असतो, आज त्याची सुट्टी होती.

बंदरावरच त्याला हा नाद लागला. दहा-बारा वर्षांपूर्वी एका जहाजावरच्या फिलिपिनो खलाशाने जाताना अर्धवट जोडलेली एक प्लास्टिकची गाडी त्याच्या हातात ठेवली. खोक्यात सुटे भाग, सोबत चित्रांचा कागद. खेळणं नव्हतं ते. खऱ्या गाडीपेक्षा पंचवीस पटीने लहान, पण बॉनेट उघडलं की आत अख्खं इंजिन. लहानपणापासून जाळी शिवलेला हात, तो त्यात रमला. तेव्हापासून जुन्या अमेरिकन गाड्या, लांब नाकाच्या, रुंद टायरच्या, त्याने अकरा जोडल्या. स्पार्क प्लगच्या वायरी म्हणून तो गळाची बारीक तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, रंगवून लावायचा. शेजारचे हसायचे. "काळू, बसायला येत नाय त्या गाडीचं काय कवतिक रं?" "बसायला येस्टी हाय ना," तो म्हणायचा.

बारावी गाडी मात्र त्याची नव्हती. नवीन पनवेलचे गुरुदत्त नाडकर्णी विनिताचं जुनं गिऱ्हाईक. कंपनीने त्यांना कधीकाळी सहा महिने डेट्रॉइटला पाठवलं होतं, तिथून त्यांनी एकोणसत्तर सालच्या डॉज चार्जर गाडीचं असंच सुट्या भागांचं खोकं आणलं. निवृत्त झाल्यावर निवांत जोडू म्हणून माळ्यावर ठेवलं. निवृत्त झाले, आणि हात कापायला लागले. विनिताच्या फोनमध्ये काळूरामच्या गाड्यांचे फोटो बघून त्यांनी खोकं दिलं. "घाई नाही," म्हणाले होते. पण आता मुलगी रेवा त्यांना कायमचं पुण्याला घेऊन चालली होती. आज संध्याकाळी. गाडी न्यायला ते चार वाजता येणार होते.

फक्त स्टिअरिंग बसवायचं राहिलं होतं. आतल्या सीटसारखाच त्याला बिस्किटी रंग दिलेला, तो सुकायचा होता. आणि घरात सगळ्यात चांगलं ऊन जिथे पडायचं, तिथे जवळा होता. काळूरामने ते एवढंसं चाक ताडपत्रीच्या कोपऱ्यावर, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर ठेवलं आणि तो आंघोळीला गेला.

परत आला तर कोपरा रिकामा. पुठ्ठा बाजूला पडलेला.

"विनिता! हितला जवला कुठं गेला गो?"

"इकला," खालून आवाज आला. "आशालताकाकू आलत्या. दोन मापं दिला. उरलेला पोत्यात भरला. का?"

काळूराम ताडपत्रीवरच बसला. बिस्किटी रंग. सुक्या जवळ्याचाही नेमका तोच रंग.

"त्यात माजं स्टेरिंग होतं."

विनिता वर आली. कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "जवल्यात? मानूस जवल्यात स्टेरिंग ठेवतो?"

"ऊन तितंच हाय ना!"

"मंग उद्या माज्या पाटीत टायर पन ठेवा."

पण ती सूप घेऊन बसली. दोघांनी पोतं मोकळं केलं. ती मूठमूठ पाखडायची, तो चाचपायचा. एक चिमुकला खेकडा निघाला, दोन शिंपले निघाले. चाक नाही. साडेदहा झाले. नवं मागवायची सोय नव्हती. ते खोकं करणं कंपनीने कधीच बंद केलेलं. चाळीस वर्षं माळ्यावर सांभाळलेली गाडी म्हाताऱ्याच्या हातात द्यायची, ती स्टिअरिंगशिवाय.

विनिताने फोन लावून स्पीकरवर टाकला. "काकू, जवला तसाच हाय ना अजून? भाजला नाय ना?"

"अगं, भाजतेय कसली, आत्ताच धुवून निथळत ठेवलाय. का गं, खराब आहे का?"

"नाय नाय, जवला एक नंबर हाय. त्यात यांचं स्टेरिंग गेलंय."

"स्टिअरिंग? गाडीचं?"

"बारकी गाडी, काकू. धुताना तलाला काय लागलं का?"

"बघितलं नाही बाई. वाळू असते ना खाली, तळाचं पाणी नेहमीसारखं कढीपत्त्याच्या कुंडीत ओतलं. मासळीचं पाणी त्याला फार मानवतं."

काळूराम उठला. वीस मिनिटांत त्याची स्कूटर आशालताकाकूंच्या इमारतीखाली होती.

गॅलरीत त्यांच्या खांद्याएवढा कढीपत्ता उभा होता. काळूराम उकिडवा बसला आणि ओल्या मातीत बोटं घातली. वर पांढुरकी वाळू, जवळ्याच्या मिशा, शंखाचे कपचे. काकू डोक्यावर उभ्या.

"मुळं तोडू नका हं. सासूबाईंच्या हातचं झाड आहे."

"नाय तोडत, काकू."

"एवढ्या मोठ्या माणसाने खेळण्याच्या गाडीसाठी..."

त्यांचं वाक्य पुरं झालं नाही. करंगळीच्या टोकाला काहीतरी गोल लागलं. त्याने हळूच वर काढलं, बनियनला पुसलं, उजेडात धरलं. तीन दांड्या शाबूत. रंगाचा टवकाही उडाला नव्हता. काळूरामने एवढा मोठा श्वास सोडला की काकूच दचकल्या.

"अगंबाई," त्या वाकून बघत म्हणाल्या, "बाहुलीची बांगडीच की ही! बसा, चहा टाकते. घामाने निथळलात नुसते."

त्याने चहा घेतला. दोन कप घेतले.

चारला रेवाने गाडी दाराशी लावली. गुरुदत्त ओटीवर खुर्चीत टेकले. काळूरामने चार्जर त्यांच्या हातात दिली नाही, त्यांच्या मांडीवर उशी ठेवून तिच्यावर मांडली. लाल टपावर म्हाताऱ्याची बोटं थरथरत फिरली. मग ते खाली झुकले, खिडकीतून आत बघत राहिले.

"स्टिअरिंग डावीकडे," शेवटी म्हणाले. "बरोबर. तिकडे तसंच असतं."

काळूरामने विनिताकडे बघितलं. ती पदरात हसत होती.

"काळूराम, या गाडीला जवळ्याचा वास कसा रे येतोय?"

काळूराम उशीचा कोपरा सारखा करू लागला. विनितालाच राहवलं नाही. तिने पुठ्ठ्यापासून कुंडीपर्यंत सगळं सांगून टाकलं. गुरुदत्तांना हसता हसता ठसका लागला, रेवाने पाणी दिलं.

"राहू दे तो वास," डोळे पुसत ते म्हणाले. "पुण्यात कुठे मिळायचा?"

"अर्धा किलो वेगला बांधून देते, साहेब," विनिता म्हणाली. "यात काय नाय, नीट बघून देते."

खोकं मांडीवर धरून ते गेले. गाडी वळणापलीकडे दिसेनाशी झाली तरी काळूराम ओटीवरच उभा होता, हात ढिले सोडून. तेवढ्यात मोरीत नळ फुसफुसला.

"अवो, पानी आलं! पिंप रिकामा हाय!"

"आलो, आलो," म्हणत त्याने खुंटीवरची नळी काढली आणि पिंप विसळायला घेतलं.