जिन्यातलं बाक

वास्तुकाराच्या ऑफिसात काका तीस वर्षं पुठ्ठ्याच्या इमारती बनवत होते. त्यांची एकही इमारत टेबलाबाहेर गेली नव्हती, म्हणून सगळे त्यांना 'बिल्डर' म्हणत. घरातल्या कपाटाचं दार मात्र दोन वर्षं लोंबकळतंय, असं काकू येईल त्याला सांगत.

नव्या वाचनालयाचं मॉडेल करताना काकांनी जिन्याच्या मधल्या टप्प्यावर नखाएवढं बाक चिकटवलं आणि त्यावर बोटाच्या पेराएवढी, जांभळ्या स्वेटरातली एक बाई बसवली.

वास्तुकार बाईंनी चष्मा वर केला. "काका, नकाशात हे बाक नाहीये."

"नसेल. पण हिचे गुडघे दुखतात."

"कोणाचे?"

काका डिंकाची बाटली शोधायला लागले. रोज संध्याकाळी त्यांना न्यायला येणाऱ्या काकूंचा जांभळा स्वेटर ऑफिसात सगळ्यांनी ओळखला आणि हसू दाबलं. बाईंनी बाक काढलं तर नाहीच, उलट नकाशात घातलं.

वाचनालय उघडलं त्या दिवशी काकांबरोबर अर्धा जिना चढून काकू त्या बाकावर टेकल्या.

"कोणाला सुचलं असेल हे?" त्या म्हणाल्या. "जरा बुटकं झालंय, पण माणसाला डोकं आहे."

काकूंनी काकांच्या डोक्याचं कौतुक पहिल्यांदाच केलं होतं, तेही दुसऱ्याचं समजून. खरं काय ते काकांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मग बुटकेपणाही त्यांच्याच गळ्यात पडला असता. ते मुकाट्यानं शेजारी बसले.