पलीकडचं पुढच्या वेळी

अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉय गावच्या शेजारच्या काकांइतकं जग कुणी पाहिलं नसेल आणि त्यांच्याइतकं अर्धवटही कुणी पाहिलं नसेल. जिथे जातील तिथली एक तरी गोष्ट मुद्दाम बघायची ठेवायची, हा त्यांचा नेम. "काहीतरी राहिलं की परत जाणं होतं," असं ते इतक्या गंभीरपणे सांगतात की जन्मभर मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर असलेल्या माणसाच्या तोंडून ते शास्त्रच वाटावं. म्युझियममध्ये गेले तर शेवटचं दालन सोडून बाहेर येतात. आमच्याकडे चहाला आले की टोपी विसरून जातात. "काका फरगॉट हिज कॅप अगेन," माझी मुलगी दारातून ओरडते, आणि काका ऐकू न आल्यासारखे चालत राहतात. टोपी न्यायला आले की चष्म्याचं घर ठेवून जातात.

नायगारा त्यांनी अमेरिकेच्या बाजूनेच पाहिला. कॅनडातून तो खरा दिसतो, असं काकू दर उन्हाळ्यात सांगायच्या. "ह्यांच्यापायी मी सगळं जग अर्धंच पाहिलं गं," म्हणून हसायच्या. काकू गेल्या आणि ती बाजू तशीच राहिली. त्यानंतर काकांनी नायगाऱ्याचं नाव काढलेलं मला आठवत नाही.

या वर्षी डॉक्टरांनी बजावलं, लांबचा प्रवास हा शेवटचा. त्यांना पुण्याला बहिणीला भेटायचं होतं, मला माहेरी जायचं होतं, म्हणून आम्ही बरोबर निघालो आणि शनिवार-रविवार वाटेत बुडापेस्टला उतरलो. मधून डॅन्यूब, अलीकडे पेस्ट, पलीकडे बुडा आणि तिथल्या टेकडीवर किल्ला. असं आयतं दोन भागांत वाटलेलं शहर काकांसाठीच वसवलं असावं. शनिवारी आम्ही पेस्ट पालथं घातलं. काका प्रत्येक पुतळ्यापुढे थांबले. एका बेकरीतल्या बाईला त्यांनी चकलीची कृती इंग्रजीतून समजावून सांगितली. तिला इंग्रजी येत नव्हतं, हे दोघांनीही मनावर घेतलं नाही.

रविवारी सकाळी मी चिडवलं, "पलीकडचं पुढच्या वेळी ना, काका?"

ते बुटाची नाडी बांधत होते. "नको. आज सगळं बघून टाकू. आता काही ठेवायला नको."

मला ते मुळीच आवडलं नाही. त्यांच्या ज्या लहरीवर मी इतकी वर्षं कुरकुर केली, तीच आता मला हवी होती. पूल आम्ही हळूहळू ओलांडला. मध्येच कठड्याला धरून ते बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. किल्ल्याच्या दाराशी पोचलो तशी मी पुढे झाले, तिथली पाटी वाचल्यासारखं केलं आणि म्हणाले, "काका, आज बंद आहे."

दार सताड उघडं होतं. माणसं आत जात होती, बाहेर येत होती. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हो गं," ते म्हणाले, "बंदच दिसतोय. राहू दे मग."

उतरताना त्यांनी माझा हात धरला होता. विमानतळावर बघते तर डोक्यावर टोपी नाही. "हॉटेलात राहिली वाटतं," काका म्हणाले, आणि चेहरा अगदी निरागस.

आता ते ट्रॉयबाहेर फारसे जात नाहीत. पण चहाला आले की एकदा तरी म्हणतात, "बुडापेस्टला टोपी राहिलीय, तेवढी आणायला जायचंय." मी म्हणते, "हो काका, जाऊ या की," आणि त्यांना अजून थोडा चहा ओतते.