दोनदा लिलावात आलेलं क्लॅरोनेट

विशीत असताना मी वरवट बकालजवळच्या आमच्या गावातल्या बँड पार्टीत क्लॅरोनेट वाजवायचो. वाद्य बँडच्या मास्तरांचं होतं. लग्नांत डीजे आले, बँड मोडला, आणि मास्तर ते पेटीत घालून घेऊन गेले. त्यानंतर तीस वर्षं मी कपाशी लावली, तूर सोंगली. क्लॅरोनेट पुन्हा हातात आलं नाही.

मागच्या हिवाळ्यात मुलीनं माझ्या मोबाइलवर जुन्या वस्तूंच्या लिलावाचं अ‍ॅप घालून दिलं. तिथे एके दुपारी तसंच एक क्लॅरोनेट दिसलं. काळं, लाकडी, खालची एक चावी तांब्याच्या तारेनं बांधलेली. लिलाव आठवडाभर चालणार होता. मी बोली लावली आणि मग माझं कशातच लक्ष राहिलं नाही. कापूस वेचणाऱ्या बाया ओळीनं पुढे सरकत, आणि मला वाटे, पांढऱ्या शेताच्या पलीकडून कुणाची तरी वरात चाललीय, फार लांबून, आपलं गाव ओलांडून पुढे निघालेली. बायको विचारायची, "ऐकून राह्यले का, मी काय म्हणते थे?" मी म्हणायचो, "हाव." ऐकलेलं काहीच नसायचं.

शेवटच्या दिवशी माझ्यापुढे कुणी गेलं नाही. वाद्य मला सुटलं. मी लगेच पैसे भरले.

दुसऱ्या दिवशी मी शेतात असताना विकणाऱ्याचा फोन आला. शहरातला माणूस, बोलणं गोड. "काका, तुम्हाला फसवायचं नाही मला. यातून आवाजच निघत नाही. रद्द करू का?"

"पत्ती ओली केली व्हती का?" मी विचारलं.

"कसली पत्ती?"

मला हसू आलं. मी बांधावर बसलो आणि त्याला सगळं सांगितलं. तोंडाशी वेताची पातळ पट्टी असते, तीच पत्ती. ती थोडा वेळ तोंडात भिजवा, खालचा ओठ दातांवर घ्या, गाल फुगवू नका. फोनमधून आधी नुसती फुसफुस आली, मग एक किंचाळी, आणि मग एकदम लांब, थरथरता सूर. ऊन, शेत, विहिरीवरची मोटर, सगळं कुठेतरी मागे राहिलं. मी डोळे मिटून बसलो होतो.

"अरे, वाजलं की!" तो म्हणाला. "परवापर्यंत पाठवतो."

दोन दिवसांनी आला तो व्यवहार रद्द झाल्याचा निरोप. पैसे परत. आणि संध्याकाळी तेच क्लॅरोनेट, तीच तांब्याची तार, पुन्हा लिलावात. सुरुवातीची किंमतच माझ्या बोलीच्या तिप्पट. सोबत व्हिडिओ होता. त्यात तो वाजवत होता, गाल न फुगवता.

"तुमी काऊन शिकवलं त्याले?" बायको म्हणाली.

"मले वाटलं, आता थे माह्यंच आहे."

तो फोन उचलेना. अ‍ॅपवाल्यांकडे तक्रार केली, तर उत्तर आलं, की पैसे परत मिळाल्यामुळे माझं काही नुकसान झालेलं नाही. जाहिरातीखाली प्रश्न विचारायची जागा होती. तिथे मी लिहिलं, 'हे मागच्या आठवड्यात मी जिंकलं होतं. मला का दिलं नाही?' तासाभरात माझा प्रश्न पुसलेला होता.

"बाबा, पुन्हा बोली लावा," मुलगी म्हणाली. मी नाही म्हणालो. जे माझं ठरलं होतं, ते त्याच माणसाकडे दुसऱ्यांदा मागायला मन तयार होईना. आठवड्यानं ते विकलं गेलं. कुणाला, ते कळलं नाही. जाहिरात गेली, व्हिडिओही गेला.

चार-पाच दिवस गेले. मग एका दुपारी शेतात डबा सोडताना बायकोनं विचारलं, "तुमी पह्यलं गाणं कोणतं वाजवलं व्हतं?" इतक्या वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं. मला आठवेना. मी गुणगुणत शोधू लागलो, चुकलो, पुन्हा सुरुवात केली. राग गेला नव्हता. बऱ्याच वेळानं चाल सापडली, तीही अर्धीच. बायको जेवायचं थांबवून ऐकत होती.